दिव्यांग कक्षातली सॉफ्टवेअरं सगळ्याच पोरांना खुली केली तर?

किल्लीवाला | सोमवार, रात्री १०.४०

मंडळी, बरेच दिवस वाचनमात्र होतो, आज पहिल्यांदा धागा काढतोय, चुकलं तर सांभाळून घ्या.

मी मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या कॉलेजात ग्रंथपाल आहे. आर्ट्स-कॉमर्स-सायन्स तिन्ही, निम्मी पोरं गावावरून एस्टीनं येतात. नॅकची (कॉलेजांना दर्जा देणारी) कमिटी यायच्या आधी आमच्याकडे घाईघाईत एक 'दिव्यांग कक्ष' झाला. लायब्ररीमागची जुनी रद्दीची खोली रंगवली, चार कॉम्प्युटर, चार हेडफोन, एक स्कॅनर. कॉम्प्युटरवर एनव्हीडीए आहे, म्हणजे स्क्रीनवरचं बोलून दाखवणारं ते फुकट सॉफ्टवेअर. रिबीन कापली, फोटो निघाले. किल्ली माझ्याकडे.

परवा रजिस्टर चाळलं. वर्षभरात सव्वीस नोंदी. त्यातल्या अकरा एकाच पोराच्या, तोही आता पास होऊन गेला. बाकीच्या बहुतेक नोंदी पाहुण्यांना खोली दाखवायला उघडली त्याच्या.

आता मूळ मुद्दा. एफवायची एक मुलगी आली, म्हणाली सर ते वाचून दाखवणारं मला पण वापरू द्या ना. मी म्हणलं सर्टिफिकेट आहे का. ती म्हणे कशाचं सर्टिफिकेट, मला दिसतं की सर, पण बारावीपर्यंत मराठीत शिकले आणि आता इंग्रजी पुस्तक उघडलं की पहिल्या पानावरच अडकते, कोणी मोठ्यानं वाचलं की मात्र कळतं. मी नियमावर बोट ठेवून नाही म्हणलो. ती गेली, आणि मी त्या बंद खोलीकडं बघत बसलो, चार कॉम्प्युटर आत बंद आणि बाहेर ही पोरगी.

तर विचारायचंय की हे सगळ्यांनाच खुलं केलं तर काय बिघडेल? प्राचार्य म्हणतात ऑडिटला काय सांगायचं. कोणाच्या कॉलेजात असं केलंय का?

निवृत्त_मास्तर | सोमवार, रात्री ११.२५

किल्लीवाले, तुमची तळमळ समजते, पण तीस वर्षं इंग्रजी शिकवल्यावर दोन गोष्टी सांगतो. एक, कॉम्प्युटरनं वाचलेलं ऐकणं म्हणजे वाचणं नव्हे. त्या मुलीला वाचायला शिकवायला पाहिजे, कानात बोळा घालून द्यायला नको. दोन, आणि ही जास्त महत्त्वाची, चार खुर्च्या आहेत. सगळ्यांना दार उघडलंत की आठ दिवसांत तिथं पोरं रील बघत बसतील आणि ज्याला खरंच दिसत नाही तो बिचारा दारात उभा. नियम उगाच नसतात.

लालपरी_एफवाय | सोमवार, रात्री ११.५०

सर राग मानू नका पण रील बघायला आम्हाला फोन आहे हो, त्यासाठी लायब्ररीमागच्या खोलीत कोण जाईल 😄

मी पण मराठी मीडियमचीच, बीएस्सीला. मी हे आधीपासून करते, कोणाला न विचारता. मोबाईलच्या एज ब्राउझरमध्ये पीडीएफ उघडायची आणि 'मोठ्याने वाचा' दाबायचं, इंग्रजीचे आवाज खूप छान आहेत आणि मराठीचे पण दोन आहेत, आरोही आणि मनोहर. जाऊन येऊन दोन तास एस्टीत जातात, हलत्या गाडीत वाचलं की मला मळमळतं म्हणून मी ऐकते आणि संध्याकाळी घरी तेच पान डोळ्यानं वाचते, तेव्हा ते ओळखीचं झालेलं असतं. ऑस्मोसिसचा उच्चार मला आधी ऐकून कळला, स्पेलिंग नंतर आलं. याला वाचन म्हणायचं की नाही ते तुम्ही ठरवा, मला सेमला अडुसष्ट पडले.

कानसेन | मंगळवार, सकाळी ७.१०

मी जन्मापासून अंध, सरकारी बँकेत नोकरीला. हा प्रतिसाद एनव्हीडीएवरच ऐकत ऐकत टाईप करतोय, त्यामुळे शुद्धलेखनाच्या चुका माझ्या आणि बोबडे उच्चार त्याचे.

मास्तरांची खुर्चीची भीती खोटी नाही, पण माझा अनुभव उलटा आहे. मी कॉलेजात होतो तेव्हा अशीच 'आमच्यासाठी राखीव' खोली होती. किल्ली शिपायाकडे, शिपाई कधी बँकेत तर कधी चहाला. आत एक कॉम्प्युटर, त्यावर विकतच्या स्क्रीन रीडरची डेमो कॉपी टाकलेली, चाळीस मिनिटं चालायची, मग पूर्ण मशीन रिस्टार्ट करा. माझा अभ्यास चाळीस-चाळीस मिनिटांच्या तुकड्यांत झालाय, अजून कधी कधी तेवढ्या वेळानं आपोआप चहाची तलफ येते. तीन वर्षांत ते कोणी दुरुस्त केलं नाही, कारण ते बंद पडलंय हे माझ्याशिवाय कोणाला कळतच नव्हतं. जी वस्तू दोघं वापरतात ती बिघडली तर ओरडणारेही दोघंच ना.

एनव्हीडीए २००६ साली ऑस्ट्रेलियातल्या दोन अंध पोरांनी चालू केलं, विकतचं परवडत नाही म्हणूनच, ते आजतागायत फुकट आहे. म्हणजे तुमच्या चार काय चाळीस कॉम्प्युटरवर टाकलं तरी खर्च शून्य. मग खोली कशाला पाहिजे? लायब्ररीतल्या प्रत्येक मशीनवर टाका, मला कुठंही बसता येऊ दे. किल्ली फक्त त्या गोष्टींना लावा ज्या खरंच मोजक्या आहेत, स्कॅनर, ब्रेल डिस्प्ले वगैरे असेल तर, आणि तिथं पहिला हक्क आमचा असा साधा बोर्ड लावा.

फॉन्टोबा | मंगळवार, सकाळी ९.३०

कानसेन यांना +१००.

थोडी तांत्रिक भर. ज्यांना दिसतं त्यांच्यासाठी एनव्हीडीए नको, ते मेनू बटण सगळंच बडबडतं, पोरं दहा मिनिटांत पळून जातील. त्यांना एजचं 'मोठ्याने वाचा' किंवा इमर्सिव्ह रीडर द्या, त्यात ओळीतलं अंतर वाढवता येतं, चालू शब्द हायलाईट होतो, एका वेळी एकच ओळ दाखवता येते. फक्त एजच्या त्या चांगल्या आवाजांना इंटरनेट लागतं. एनव्हीडीएसोबत येणारा ईस्पीक आवाज नेटशिवाय मराठी बोलतो, डब्यात बसून बोलल्यासारखा, पण बोलतो.

आता खरी गोम. किल्लीवाले, तुमच्याकडे मराठी नोट्स कुठल्या फॉन्टमध्ये आहेत? युनिकोडमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरला मराठी अक्षर मराठी म्हणूनच कळतं त्या पद्धतीत, नसतील तर हे सगळं मुसळ केरात. उदाहरण देतो. कृतिदेव या जुन्या फॉन्टमध्ये 'मराठी' टाईप केलं की डोळ्याला मराठी दिसतं पण फाईलच्या आत ई, जे, के, बी, एच अशी रोमन अक्षरंच बसलेली असतात, फॉन्ट फक्त वरून मराठी चित्र चिकटवतो. स्क्रीन रीडर आतलं वाचतो. म्हणजे पोरगा हेडफोन लावून मराठी साहित्याचा इतिहास ऐकायला बसला की त्याला ऐकू येतं ईजेकेबीएच. जुने डीटीपीवाले फॉन्ट सगळे याच जातीचे. आणि त्याहून वाईट म्हणजे झेरॉक्सची झेरॉक्स काढून मोबाईलवर स्कॅन केलेली पीडीएफ, तिच्यात अक्षरच नाही, नुसता फोटो.

किल्लीवाला | मंगळवार, दुपारी १.१५

फॉन्टोबा, तुम्ही आमच्या लायब्ररीत येऊन गेलात का हो? आत्ता मधल्या सुट्टीत तपासलं. मराठी विभागाच्या सगळ्या नोट्स जुन्या फॉन्टात, राज्यशास्त्राच्या स्कॅन केलेल्या, त्याही तिरक्या, एका पानावर सरांचा अंगठा आलाय. म्हणजे त्या अकरा वेळा आलेल्या पोरानं काय ऐकलं असेल देव जाणे. मला वाटायचं तो कंटाळून यायचा बंद झाला.

तिखटमीठ | मंगळवार, दुपारी ३.४५

मी आई म्हणून लिहिते. माझ्या मुलाला आठवीत डिस्लेक्सिया निघाला. मुंबईत राहतो त्यामुळे तपासणी, सर्टिफिकेट हे होऊ तरी शकलं, तरी त्यात सात-आठ महिने गेले, सरकारी रुग्णालयात नंबर लावून. दहावी-बारावीला जादा वेळ मिळाला, चांगले मार्क पडले.

डिग्री कॉलेजला गेल्यावर म्हणाला आई ते सर्टिफिकेट मी दाखवणार नाही. का रे? तर म्हणे शाळेत परीक्षेला मला वेगळ्या वर्गात बसवायचे, बाकीची पोरं खिडकीतून बघायची, मला परत तो शिक्का नकोय. मी समजावलं, रडले, भांडले. नाही म्हणजे नाही. पहिल्या सेमला दोन विषय राहिले.

कायद्यात काही कमी नाही हो. २०१६ च्या दिव्यांग कायद्यात लर्निंग डिसॅबिलिटी आहे, एकवीस प्रकारांत धरलेली आहे. परीक्षेला तासाला किमान वीस मिनिटं जादा आहेत. पण हे सगळं हात वर करून 'मी' म्हणणाऱ्याला मिळतं, आणि अठरा वर्षांचा मुलगा बाकी काहीही करेल पण वर्गात हात वर करणार नाही.

मग एके दिवशी त्याच्या ग्रुपमधल्या एकानं, ज्याला काहीही प्रॉब्लेम नाही, निव्वळ आळस म्हणून, फोनवर बोलून असाइनमेंट टाईप करायला सुरुवात केली. गूगल डॉक्सला मराठी-इंग्रजी दोन्ही चालतं. सगळा ग्रुप करायला लागला आणि त्यांच्यात माझा पण. त्याच्या डोक्यात सगळं असतं, कागदावर उतरत नाही एवढंच. आता दुसऱ्या वर्षाला आहे, विषय सुटले. त्या आळशी पोराला मी दिवाळीला वेगळा चिवड्याचा डबा पाठवला.

म्हणून किल्लीवाले, खुलं कराच. तुमच्या दोन हजारांत असे किती लपून बसलेत हे तुम्हाला रजिस्टरमधून कधीच कळणार नाही.

(अवांतर: तुम्ही दोन हजार लिहिलं नव्हतं, मीच धरलं 🙂)

खडूस_काका | मंगळवार, संध्याकाळी ६.०५

सगळं गोड गोड चाललंय म्हणून विरजण घालतो. बोलून टाईप, ऐकून वाचन, उद्या एआय उत्तरं पण लिहील. आणि शेवटी विद्यापीठाची परीक्षा काय? पेन आणि कागद, तीन तास. सगळ्या पोरांना कुबड्यांची सवय लावायची आणि परीक्षेत काढून घ्यायच्या, हा कुठला न्याय?

कानसेन | मंगळवार, रात्री ८.३०

काका, कुबडी हा शब्द जरा जपून, इथं कुबडीवाले पण वाचतायत.

पण परीक्षेचं बोललात ते बरोबर. मी आयुष्यात एकही पेपर स्वतःच्या हातानं लिहिला नाही, सगळे लेखनिकाकडून. आपला लेखनिक आपण आणायचा तर तो आपल्यापेक्षा खालच्या वर्गातला पाहिजे असा २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांचा दंडक होता. म्हणजे मी अर्थशास्त्राचं उत्तर सांगतोय आणि समोरचा पोरगा विचारतोय दादा इलॅस्टिसिटीचं स्पेलिंग काय. मी वर्षभर कॉम्प्युटरवर लिहितो, परीक्षा पण कॉम्प्युटरवर देऊ द्या ना, नेट बंद करून. मुभा कागदावर आहे, विचारायला गेलं की कॉलेज म्हणतं आमच्याकडे तशी सोय नाही. सोय का नाही? कारण चारच मशीन आणि तीही कुलपात. हे सगळं एकमेकात अडकलेलं आहे.

आणखी एक. सुप्रीम कोर्टानं २०२१ मध्ये विकास कुमार विरुद्ध यूपीएससी या केसमध्ये सांगितलंय की लेखनिक मिळायला चाळीस टक्के दिव्यांगत्वाचं सर्टिफिकेट पाहिजेच असं नाही. त्या उमेदवाराला रायटर्स क्रॅम्प होता, लिहिताना हात आखडायचा, पण टक्केवारीत बसत नव्हता. गरज आहे का ते बघा, टक्के नंतर, असा एकूण सूर. किल्लीवाले, हे तुमच्या प्राचार्यांना दाखवा.

वकीलसाहेबा | मंगळवार, रात्री ९.२०

कानसेन बरोबर. २०१६ च्या दिव्यांग कायद्यातली एक गंमत सांगते, कलम १७ वाचा. पुस्तकं, अभ्याससाहित्य आणि सहाय्यक साधनं मोफत द्यायची आहेत, पण कोणाला, चाळीस टक्क्यांवरच्या विद्यार्थ्यांना आणि वयाच्या अठराव्या वर्षापर्यंत. म्हणजे पोरगं एफवायला बसलं की मोफतवाली तरतूद संपली! उच्च शिक्षणात पाच टक्के जागा राखीव आहेत, वयाची सवलत आहे, जागा मिळते पण हातात काय द्यायचं हे कॉलेजच्या मर्जीवर. २०२२ मध्ये यूजीसीनं उच्च शिक्षण संस्थांसाठी सुगम्यतेच्या मार्गदर्शक सूचना काढल्यात, चांगल्या आहेत, वाचतं कोण हा प्रश्न.

ऑडिटचं म्हणाल तर दिव्यांग निधीतून घेतलेली यंत्रं दिव्यांगांसाठीच दाखवा, त्यावर प्राधान्य कायम ठेवा. पण फुकट सॉफ्टवेअर लायब्ररीच्या बाकी कॉम्प्युटरवर टाकायला कोणाचा निधी लागतो? त्यात ऑडिटचा संबंधच येत नाही. प्राचार्यांची भीती अर्धी तिथंच संपली.

लीड्सकर | बुधवार, पहाटे २.१५

इथे इंग्लंडात एमएस्सी करतोय. सरकारचा एक दिव्यांग विद्यार्थी भत्ता आहे, पण तो इथल्याच मुलांना, आम्हा परदेशी विद्यार्थ्यांना मिळत नाही. मला एडीएचडी, म्हणजे लक्ष एका जागी टिकत नाही तो प्रकार, आहे हे मला इथे आल्यावर कळलं, तोवर घरी सगळे धांदरट म्हणायचे. भत्ता नाही, कागदपत्रं नाहीत, पण वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर पहिल्याच दिवशी मिळालं, कारण माझ्या विद्यापीठानं लायसन्सच सगळ्या विद्यार्थ्यांसाठी घेतलेलं आहे, लॉगिन केलं की डाउनलोड. कोणी विचारलं नाही का पाहिजे. लेक्चर पण रेकॉर्ड होऊन खाली अक्षरं येतात, आणि ती सगळ्यात जास्त कोण वापरतं, तर आम्ही भारतीय आणि चिनी, यॉर्कशायरी उच्चार कळत नाहीत म्हणून 😂

अर्थात इथं फी किती घेतात ते विचारू नका, त्यात दहा दिव्यांग कक्ष होतील.

एक_कान | बुधवार, सकाळी १०.००

मला डाव्या कानानं अजिबात येत नाही, उजव्यानं निम्मं. सर्टिफिकेटच्या टक्क्यात थोडक्यासाठी बसत नाही. लाईव्ह ट्रान्सक्राइब नावाचं गूगलचं ॲप आहे, बोललेलं स्क्रीनवर लिहून दाखवतं, मराठी पण. मी ते वर्गात लावायचे. सरांनी एकदा फोन काढून घेतला, रेकॉर्डिंग करते म्हणून. मग सगळ्या वर्गासमोर कानाचं सांगावं लागलं.

ॲप फार हुशार आहे असं नाही. वर पंखा खडखडत असला आणि सर फळ्याकडं तोंड करून बोलले की काहीच्या काही येतं. मायटोकॉन्ड्रियाचं 'माझा कंडक्टर या' झालं होतं, मी एकटीच हसले आणि परत बोलणी खाल्ली. पण फोन पहिल्या बाकावर ठेवला, किंवा सरांनी साधा कॉलर माईक लावला, तर पुष्कळ सुधारतं. माईक लावला तर शेवटच्या बाकावरच्यांना पण ऐकू येईल, त्यांची इच्छा असेल तर.

किल्लीवाले सर, फक्त एवढं करा, वर्गात ॲप चालू ठेवायला परवानगी आहे अशी एक ओळीची नोटीस काढा. सगळ्यांना. मग मला उभं राहून कान दाखवायला नको.

निवृत्त_मास्तर | बुधवार, दुपारी १२.३०

एक_कान, बाळा, तो फोन काढून घेणारा मास्तर मी नव्हतो पण असू शकलो असतो. फळ्याकडे तोंड करून मीही तीस वर्षं बोललोय.

ऐकणं आणि वाचणं याबाबत माझं मत अजून तेच आहे. पण लालपरी म्हणते तसं आधी ऐकून मग डोळ्यानं वाचणं, याला माझी हरकत नाही. आम्हीही वर्गात आधी मोठ्यानं वाचूनच दाखवायचो, तेव्हा त्याला आदर्श वाचन म्हणत. खुर्च्यांचा मुद्दा कानसेन यांनी सोडवला, तो मागे घेतो.

किल्लीवाला | बुधवार, रात्री १०.१५

सगळ्यांचे आभार. एक शंका. पोरं म्हणतील सर पुस्तकच स्कॅन करून द्या. ते चालतं का?

वकीलसाहेबा | बुधवार, रात्री १०.५०

इथं मात्र 'सगळ्यांना' चालत नाही, नीट समजून घ्या. कॉपीराईट कायद्यात २०१२ च्या दुरुस्तीनं सूट दिली ती दिव्यांग व्यक्तींना वाचता येईल अशा रूपात पुस्तक करण्यासाठी. माराकेश हा आंतरराष्ट्रीय करारही त्याचसाठी, तो मान्य करणारा भारत पहिला देश, २०१४ मध्ये. त्यामुळे अंध किंवा डिस्लेक्सियावाल्या विद्यार्थ्याला प्रकाशकाचं अख्खं पुस्तक स्कॅन करून देऊ शकता, सुगम्य पुस्तकालय या ऑनलाईन वाचनालयाचं सदस्यही करून देऊ शकता. तीच फाईल वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकली की झाली चोरी. प्राध्यापकांच्या स्वतःच्या नोट्स, जुन्या प्रश्नपत्रिका, सूचना हे मात्र सगळ्यांना द्या.

फॉन्टोबा | बुधवार, रात्री ११.०५

शिवाय मराठी विश्वकोश ऑनलाईन आहे, युनिकोडमध्ये, स्क्रीन रीडर गडगडा वाचतो. मराठी विकिस्रोतवर कॉपीराईट संपलेली पुस्तकं आहेत. मराठी विभागाला तिथून सुरुवात करता येईल.

किल्लीवाला | तीन आठवड्यांनी, रविवार, सकाळी ११.२०

धागा वर काढतोय.

वाचनकक्षातल्या बारा कॉम्प्युटरवर एनव्हीडीए टाकलं, एज आधीच होतं, त्याचा वापर कसा करायचा याचा एक कागद मराठीत छापून प्रत्येक मशीनला चिकटवला. हेडफोन पोरांनी आपापले आणायचे. मागची खोली दिवसभर उघडी असते, स्कॅनरवर 'प्राधान्य' असा बोर्ड आहे. रजिस्टरमधला 'दिव्यांगत्वाचा प्रकार' हा रकाना मी फेव्हिकॉलनं पांढरी पट्टी लावून बुजवला, नवीन रजिस्टर येईपर्यंत. वर्गात ॲपची नोटीस निघाली, प्राचार्यांनी त्यात 'फक्त अभ्यासासाठी' घातलं, असू दे. माईकला बजेट नाही म्हणाले.

त्या एफवायच्या मुलीला शोधून काढलं. आधी आलीच नाही, मग एक दिवस दोन मैत्रिणी घेऊन आली. तिघी एकाच मशीनवर, एकच हेडफोन, एकीच्या एका कानात एक बोळा आणि दुसरीच्या एका कानात दुसरा, तिसरी नुसती बघत्ये. रोज साडेतीनची गाडी असेपर्यंत बसतात.

दृष्टिहीन मुलगा या वर्षी एक आहे, बीए प्रथम. तो मला म्हणाला सर मशीन चांगलं आहे पण नोट्स कुठंयत. एकोणीस प्राध्यापकांना युनिकोडमध्ये नोट्स मागितल्या होत्या, तिघांनी दिल्या. मराठीच्या मॅडम म्हणतात माझ्याकडे वीस वर्षांच्या फाईली आहेत, सगळ्या जुन्या फॉन्टात, परत टाईप करायला मला निवृत्ती घ्यावी लागेल. त्यांचंही खरं आहे. पेनड्राईव्ह मात्र देऊन टाकला त्यांनी, दोनशेच्या वर फाईली आहेत.

फॉन्टोबा | रविवार, सकाळी ११.४०

परत टाईप करायची गरज नाही, कन्व्हर्टर असतात. जोडाक्षरं आणि रफार थोडे बिघडतील, ते हातानं नीट करावे लागतील. त्यातल्या पाच फाईली मेल करा, कुठला फॉन्ट आहे बघतो.

लालपरी_एफवाय | रविवार, दुपारी १२.०५

रफार मी बघते. मराठी शुद्ध आहे माझं. दहा-दहा फाईली वाटून घेऊया का कोणी?

निवृत्त_मास्तर | रविवार, दुपारी १२.१०

मला वीस द्या. वेळच वेळ आहे.